तिसरा रकाना

पुन्ता अरेनासमध्ये वारा पिसाळला
की नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
या खांबापासून त्या खांबापर्यंत.
धरून चालायचं.
माझा जन्म इथलाच, पण दोर मी कधी धरला नाही.
वाऱ्याची मला सवय आहे.
घरात वारा नसतो, घरात रोसामेल असतो.

तो मारत नाही. हे आधीच सांगते,
कारण दवाखान्यातल्या बाईंनी आधी तेच विचारलं.
पीत नाही. म्हणजे पितो,
पण रविवारी, आणि गप्प बसून.
पगाराचं पाकीट टेबलावर ठेवतो,
वर मिठाची बरणी, उडू नये म्हणून.

मग रडू कशाचं येतं?
म्हटलं, रडू येत नाही. तेच तर.

खेकड्यांच्या कारखान्यात सकाळी सहापासून
मी पाय मोडते, एकेक सांधा.
हात आपोआप चालतात
आणि डोकंही:
काल तो ताट अर्धं टाकून उठला,
म्हणजे मटण खारट,
म्हणजे मला एवढंसुद्धा,
म्हणजे आई म्हणायची ते खरंच,
म्हणजे मुलगा सान्तियागोहून फोन करत नाही तो यामुळेच.
दुपारचा भोंगा होईपर्यंत
एका अर्ध्या ताटाचं
मी अख्खं आयुष्य करून ठेवलेलं असतं.

मारित्साबाई माझ्या धाकट्या भाचीच्या वयाच्या.
त्यांनी माझ्या हिशेबाच्या वहीत रेघा मारल्या.
काय घडलं. मनात काय आलं. पुरावा काय.
"लिहून बघा, नेवेन्का.
विचार म्हणजे बातमी नव्हे."
वाक्य आवडलं.
बसमध्ये चारदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

घडलं: त्याने दार आपटलं.
मनात आलं: माझ्यावरचा राग.
पुरावा: या गावात सगळ्यांचीच दारं आपटतात.

घडलं: हाक मारली, ओ दिली नाही.
मनात आलं: मी नकोशी.
पुरावा: बोटीच्या इंजिनाशेजारी बावीस वर्षं,
डावा कान कामातून गेलेला.

त्या आठवड्यात मला झोप लागली, खरंच लागली.
एकदा तर पाव भाजताना मी शीळ घातली
आणि स्वतःच दचकून मागे पाहिलं.

एक ओळ मात्र तीन दिवस टाळत होते.
मग चौथ्या रात्री लिहिली.
घडलं: पुतणीच्या लग्नात, अंगणात मेंढा भाजत होता,
कुणीतरी म्हणालं, तुम्ही दोघं घरी बोलता तरी का?
हा म्हणाला, "हिच्याशी बोलायला आहे काय?"
लोक हसले. मीही हसले,
थाळ्या गोळा करायला उठले.
मनात आलं: माझ्याशी बोलण्यासारखं याला काही वाटत नाही.
पुरावा:

पेन्सिल तिथेच टेकवून बसले.
पुरावा तर पहिल्याच रकान्यात होता.
आणि त्या दिवशी मी त्याच्या
उजव्या कानाला बसले होते.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं.
पेनाला टोपण लावलं.
खिडकीची काच थरथरत होती.
"ही मात्र," म्हणाल्या, "बातमी आहे."

कुणी सांत्वन केलं असतं तर
इतकं हलकं वाटलं नसतं.
इतकी वर्षं वाटायचं, सगळं माझ्याच डोक्यात.
सगळं नव्हतं.
थोडं टेबलाच्या पलीकडे बसून जेवत होतं.

बाहेर पडले तर वाऱ्याने टोपी नेली.
दोर धरला, पहिल्यांदा.
समोरून एक म्हातारा त्याच दोराला धरून आला,
आणि आम्ही दोघंही थांबलो.
समोरासमोर आल्यावर दोर आधी कुणी सोडायचा
हे या गावात अजून कुणी ठरवलेलं नाही.

रात्री मी खुर्ची उजवीकडे ओढली.
म्हटलं, रोसामेल, थोडं बोलायचंय.
त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
आणि मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली.

हे कोणत्या रकान्यात लिहायचं
ते अजून ठरत नाहीये.